गुंठ्याचा भाव आणि जमिनीचा उतार : ठाणे-नवी मुंबईच्या आसपास पहिल्यांदा जागा घेणाऱ्यांसाठी

एजंटने आम्हाला पहिला भाव सांगितला तो बदलापूर-वांगणी रस्त्यावरच्या एका चहाच्या टपरीवर. "रोड टच पाच, आतमध्ये तीन." मी मनातल्या मनात एकराचा हिशेब मांडला आणि खूश झाले. भाव गुंठ्याचा होता.

२०१९च्या एप्रिलमधली गोष्ट. ऐरोलीच्या फ्लॅटचे हप्ते संपत आले होते. नवऱ्याला आंब्याची चार झाडं आणि विहीर हवी होती, मला अंगण. आतमधली, तीन लाखवाली पंचवीस गुंठे जागा पसंत पडली. टेबलासारखी सपाट, काळसर माती, कडेला करंजाची झाडं, पलीकडे नदी. ५१ हजार टोकन देऊन आलो. २७ जुलैला सकाळी टीव्ही लावला तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी. उल्हास नदी रुळांवर आली होती. आमची जागा तिथून फार लांब नव्हती. पाणी ओसरल्यावर बघायला गेलो, तर करंजाच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्याही वर, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि गवताचे पुंजके अडकलेले. शेजारच्या बांधावर एक म्हातारी गवत कापत होती. तिला विचारलं, "मावशी, दरवर्षी येतं का हो पाणी इथे?" ती म्हणाली, "अगं बाय, हितं भात लावत्यात. घर कोन बांधतं हितं?"

टोकनपैकी पंचवीस हजार परत मिळाले. बाकीचे 'कागदपत्रांच्या खर्चात' गेले.

त्यानंतर तीन वर्षं शनिवार-रविवार आम्ही पडघे, शहापूर, मुरबाड, नेरळ, पनवेल, उरण, पेण असे फिरलो आणि शेवटी जागा घेतली. ज्या क्रमाने या गोष्टी करायला हव्या होत्या, त्या क्रमाने लिहिते आहे. आमचा क्रम बरोबर उलटा होता.

आधी बघा, तुम्ही शेतकरी आहात का

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. १९४८च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. गावाकडे सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर तो उतारा आणि तहसीलदारांकडून शेतकरी असल्याचा दाखला आधीच काढून ठेवा. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, वडिलोपार्जित शेतीवर नवऱ्याचं नाव वारसाने लागलेलं, म्हणून हा अडसर सुटला. नाव नसेल तर "दाखला करून देतो ना शेठ" म्हणणारे भेटतील. खोट्या दाखल्यावरची खरेदी पुढे अवैध ठरली तर जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तोवर दाखलावाला फोन उचलत नसतो.

शेतकरी नसलेल्याने मंजूर लेआउटमधला एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट किंवा गावठाणातलं घर बघावं. गावठाणात ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा दाखवतात. तो घरपट्टी भरल्याचा कागद आहे, मालकीचा नाही.

आणि 'फक्त दोन गुंठे, हप्त्याने' अशा जाहिरातींपासून लांब राहा. शेतीच्या सातबाऱ्यावर साठ जणांची नावं सामाईक लावलेली असतात. तुमचा प्लॉट नेमका कुठला, हे फक्त एजंटच्या रंगीत लेआउटवर दिसतं. सरकारी नकाशावर एकच अख्खं शेत.

हेक्टर, आर आणि तोंडी गुंठा

भाव गुंठ्यात बोलतात, सातबारा मात्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. चाळीस गुंठ्यांचा एकर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित लहान. गावात आर आणि गुंठा एकच धरतात. लहान जागेत फरक पडत नाही, पण पाच-सहा एकरांच्या व्यवहारात दोन-तीन गुंठे इकडचे तिकडे होतात.

एक उतारा उदाहरणादाखल घेऊ. एकूण क्षेत्र ०.३८.५०, म्हणजे ३,८५० चौरस मीटर, म्हणजे ३८ गुंठे. त्यात पोटखराबा ०.०६.००, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. पोटखराब्याचे दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक. 'ब' म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक वापरातला भाग. समजा भाव पाच लाख. विकणारा ३८ गुंठ्यांचे १ कोटी ९० लाख सांगणार. आता सहा गुंठे खराबा काढा, आत गाडी नेण्यासाठी स्वतःच्याच जागेतून सोडावा लागणारा चार गुंठ्यांचा रस्ता काढा. हाती उरले २८. त्यांचा भाव पडला गुंठ्याला पावणेसात लाखांच्या वर. शेजारची साडेपाच लाखांची, पण पूर्ण सपाट आणि रस्त्याला लागून असलेली जागा मग स्वस्त ठरते. पुढे उतार, पूररेषा, झोन असं जे जे येईल ते याच हिशेबात घालायचं. भाव गुंठ्याचा सांगतात, तुम्ही वापरता येईल त्या गुंठ्याचा काढायचा.

कुठल्या दिशेला जायचं

इथे घाई करू नका. शहराभोवती प्रत्येक दिशेची जमीन वेगळी आहे आणि भाव वाढण्याचं कारणही वेगळं.

घोडबंदर आणि येऊर हा विषय दोन वाक्यांत संपवते. राष्ट्रीय उद्यान, वन आणि खाजगी वन यांच्या मधल्या फटीत जी जागा 'स्वस्तात' निघते, ती स्वस्त का निघाली ते वकिलाला विचारा. पुढे खाजगी वनाबद्दल लिहिलं आहेच.

भिवंडी, पडघे, आमणे हा गोदामांचा पट्टा. जमीन हलक्या चढउताराची, माळाची. समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोक आमण्याला आहे आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला. इथे भाव ठरतो तो कंटेनर वळेल का यावर. दहा मीटर रुंद रस्त्यावरची जागा आणि शंभर पावलं आतली, बैलगाडीच्या वाटेवरची जागा यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, मग आतल्या जागेची माती कितीही चांगली असो. घरासाठी घेत असाल तर गोदामवाल्यांशी भावाची स्पर्धा कशाला करायची? शिवाय पडघ्याला मोठं वीज उपकेंद्र आहे, थेट चंद्रपूरहून येणारी उच्चदाब वाहिनी तिथे उतरते. जागेवर उभं राहून एकदा मान वर करा. तारांखालचे गुंठे तुमच्या नावावर असतील, पण बांधकामाच्या कामाचे नाहीत.

शहापूरची जमीन देखणी. सागाची जंगलं, माहुलीचा डोंगर, आसनगावपर्यंत लोकल. तानसा, भातसा, मोडकसागर या धरणांचं पाणी मुंबईला जातं ते याच भागातून, आणि तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. धरण उशाला, कोरड घशाला. काळ्या कातळात पाणी फटींतूनच मिळतं, त्यामुळे एका बोअरला धो धो पाणी आणि पन्नास फुटांवरची दुसरी कोरडी, असं सर्रास होतं. दुसरी गोष्ट, इथे आदिवासी खातेदार पुष्कळ आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासींची जमीन बिगरआदिवासींना परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि ती परवानगी म्हणजे तहसीलचा शिक्का नव्हे, जिल्हाधिकारी आणि पुढे शासनापर्यंतचा मामला. 'नंतर करून घेऊ' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

मुरबाडकडे, कल्याण-माळशेज रस्त्याला, अजूनही शेतीसारखी शेती आहे. बारवीच्या धरणक्षेत्राजवळ वनखात्याच्या हद्दी तपासाव्या लागतात, बाकी बऱ्याच गावांत खाली भातखाचर आणि वर वरकस अशी दुहेरी जमीन मिळते. वरकस म्हणजे डोंगरउताराची, नाचणी-वरी आणि गवताची जमीन. खाचरापेक्षा स्वस्त सांगतात. आंब्या-काजूला मात्र हीच बरी, पाणी साचत नाही.

वांगणी, नेरळ, कर्जत हा लोकलने येणाऱ्यांचा लाडका पट्टा. एका बाजूला उल्हास नदी, दुसऱ्या बाजूला माथेरानचा डोंगर. नदीचं वर सांगितलंच. डोंगराचं असं की माथेरान आणि पायथ्याचा मोठा परिसर फेब्रुवारी २००३मध्ये पर्यावरण-संवेदनक्षेत्र म्हणून जाहीर झाला. २१४ चौरस किलोमीटरहून मोठं क्षेत्र, आणि बाहेरून आणखी २०० मीटरचा पट्टा. शेतीची जमीन दुसऱ्या वापराला नेण्यावर तिथे निर्बंध आहेत. 'माथेरान व्ह्यू' असा बोर्ड दिसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला : व्ह्यू क्षेत्राच्या आतून आहे की बाहेरून?

पनवेलकडे नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाचं प्रभावक्षेत्र. त्यासाठी जानेवारी २०१३मध्ये सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं, तेव्हापासून तिथे नगररचना योजना, म्हणजे टीपीएस, चालू आहेत. या योजनांत शेतकऱ्याच्या मूळ भूखंडातली ६० टक्के जमीन रस्ते, उद्यानं, सुविधा यांना जाते आणि ४० टक्के विकसित अंतिम भूखंड म्हणून परत मिळते, तीही कदाचित वेगळ्या जागी. म्हणून नैनात भाव ऐकला की आधी विचारायचं, 'मूळचा की अंतिमचा?' मूळ जमिनीवर पाच लाख गुंठा म्हणजे अंतिम भूखंडावर साडेबारा लाख. दोन एजंट एकाच गावातले दोन भाव सांगतात आणि दोघंही खरं बोलत असतात, ते याचमुळे. विमानतळावरून २०२५च्या डिसेंबरमध्ये विमानं उडायला लागली, त्यामुळे आता प्रत्येक जागा 'एअरपोर्टपासून वीस मिनिटं' असते. ही मिनिटं पहाटे चार वाजताची.

उरण-पेणकडे भावाला जोर आला तो अटल सेतूमुळे. जानेवारी २०२४मध्ये तो खुला झाला, आणि त्याच वर्षी उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या नव्या शहरासाठी एमएमआरडीएला नेमलं. पण इथली बरीच सखल जमीन खाजण आहे. समुद्राचं पाणी खारबंदिस्तीने अडवून भातासाठी तयार केलेली. बांध फुटला, दोन-तीन वर्षं दुरुस्त झाला नाही, की खारं पाणी शिरतं आणि पाठोपाठ खारफुटी उगवते. एकदा खारफुटी आली की ती तोडता येत नाही, मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टाही सोडावा लागतो. सातबाऱ्यावर भात, जागेवर तिवरं. अशा जागेचा भाव ऐकून हुरळून जाऊ नका. आणि बंदिस्ती शाबूत असली तरी खाली चिखल आहे, घराच्या पायाचा खर्च तिथेच दुप्पट होतो.

जागेवर : एकदा जुलैत, एकदा मे महिन्यात

एजंट हिवाळ्यात जागा दाखवतात. हवा छान, रस्ता कोरडा, गवत सोनेरी. तुम्ही जुलैत चार दिवस सलग पाऊस झाल्यावर जा, गमबूट घालून. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, ओहोळ कुठून वाहतो, शेवटचे दोनशे मीटर गाडी जाते की नाही, सगळं अर्ध्या तासात दिसतं. मग मे महिन्यात परत जा आणि आजूबाजूच्या विहिरींत डोकावून बघा. मालकाच्या नव्हे, शेजाऱ्यांच्या.

गावातल्या जुन्या लोकांशी बोला, आणि जागेचं नाव विचारा. प्रत्येक शेताला गावात नाव असतं. 'कोंडीतलं', 'खाजणातलं', 'टेपावरचं', 'पाणथळ' अशी नावं निम्मा सर्व्हे करून देतात. जुनं गावठाण कुठे बसलंय तेही बघा. ते जवळजवळ नेहमी उंचवट्यावर असतं, कारण तिथे घरं बांधणाऱ्यांनी शंभर पावसाळे पाहिलेले असतात. तुमची जागा गावठाणापेक्षा दहा फूट खाली असेल तर त्याचं कारण भावात दिसायला हवं.

खाचर स्वस्तात मिळालं तर 'भराव टाकू' असं सगळेच म्हणतात. दहा गुंठ्यांवर एक मीटर भराव म्हणजे एक हजार घनमीटरच्या वर, ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) साडेतीनशेहून जास्त. मुरुमाचा स्थानिक दर विचारा, त्यावर सरकारी रॉयल्टी, परवानगी आणि ट्रिपा धरा, आणि बेरीज जागेच्या किमतीत मिळवा. तुमच्या भरावाने अडलेलं पाणी शेजाऱ्याच्या खाचरात जाणार आणि पहिल्याच पावसाळ्यात भांडण होणार, हा खर्च वेगळा.

उताराच्या जागेत आम्ही एक साधा प्रयोग करायचो. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप पाणी भरून न्यायची, सोबत पाच मीटरची दोरी आणि टेप. एकाने वर उभं राहून पाइपमधलं पाणी जमिनीच्या पातळीला धरायचं. दुसऱ्याने दोरी आडवी ताणून पाच मीटर खाली जायचं आणि पाइपचं दुसरं टोक उभं धरायचं. त्यात पाणी ज्या उंचीवर स्थिरावेल, तिथून जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. एक मीटरपेक्षा जास्त आलं तर उतार १:५ पेक्षा तीव्र आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे अशा उतारावर बांधकाम मंजूर होत नाही. तीन-चार ठिकाणी मोजा. एका जागेत आमचे एक एकरातले जेमतेम बारा गुंठे बांधण्याजोगे निघाले. एजंट आमच्याकडे वेड्यासारखा बघत होता. मग म्हणाला, "ताई, पाइप मला पण द्या एकदा."

डोंगराच्या अगदी पायथ्याला, दरडीखाली जागा घेऊ नका. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरजवळ इर्शाळवाडीवर दरड आली आणि झोपलेली माणसं गेली. त्यानंतर 'डोंगराच्या कुशीत' हे शब्द जाहिरातीत वाचले तरी मला कसंतरी होतं.

वाटेचं शेवटी. 'वहिवाटीचा रस्ता आहे' हे तोंडी ऐकून चालत नाही. तो नकाशावर आहे का, कोणाच्या गटातून, म्हणजे कोणाच्या नंबरच्या जमिनीतून जातो, लेखी आहे का? शेतात जायला वाट मागण्याची तरतूद संहितेच्या कलम १४३मध्ये आहे, तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण अर्ज, स्थळपाहणी, हरकती यात वर्षं जातात, आणि गावात पहिली ओळख भांडणाने होते.

सातबारा वाचताना

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो. एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो धरू नका, स्वतः काढा. सोबत आठ-अ, म्हणजे मालकाचा खातेउतारा, आणि शक्य तितके जुने फेरफार, म्हणजे मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी.

मालकाच्या नावाआधी वर बघा : भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ म्हणजे सरकारी अट असलेली जमीन, परवानगीशिवाय विक्री नाही. मग 'इतर हक्क'. सगळी मेख या रकान्यात असते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, भूसंपादनाची नोंद, पुनर्वसनाची अट, कलम ४३ची नोंद. कुळाला मिळालेल्या जमिनीवर कुळवहिवाट कायद्याचं हे कलम ४३ लागतं, म्हणजे विकायला परवानगी हवी. कुळाने जमीन विकत घेतल्याच्या ३२-म प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर २०१४च्या दुरुस्तीने वाट बरीच सोपी झाली आहे, पण प्रमाणपत्र मूळ बघायला मागा.

खाजगी वनाची नोंद हा ठाणे जिल्ह्यातला जुना घोळ. ३० ऑगस्ट १९७५ला खाजगी वन संपादनाचा कायदा लागू झाला, आणि त्याआधी वन कायद्याच्या कलम ३५(३)च्या नोटिसा निघालेल्या जमिनींबद्दल पुढची चाळीस वर्षं वाद चालला. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या, नुसत्या काढून ठेवलेल्या नोटिसांच्या जोरावरची वनखात्याची भूमिका फेटाळली. तरी सातबाऱ्यावर 'वन' हा शब्द कुठेही दिसला, पेन्सिलने खोडलेला दिसला तरीही, वनखात्याकडून लेखी खुलासा आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नावं मोजा. एका सातबाऱ्यावर चुलते-पुतणे-आत्या मिळून तेवीस नावं आम्ही पाहिली. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा हिस्सा धरला आहे ना, हे विचारायला संकोच करू नका. 'त्या सही देतील हो' याचा अर्थ त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही.

झोन दाखला आणि पूररेषा

सातबारा मालकी सांगतो, वापर सांगत नाही. त्यासाठी नगररचना कार्यालयाचा झोन दाखला. मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६-३६च्या प्रादेशिक योजनेत तुमचा गट नागरीकरण क्षेत्रात आहे की हरित क्षेत्रात, यावर भाव सरळ दुप्पट-तिप्पट बदलतो. नैनात सिडको, पालिका हद्दीत पालिका. मुरबाड आणि शहापूर महानगर प्रदेशाच्या बाहेर आहेत, तिथे जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात विचारायचं. शेतघर बांधायचं असेल तर साधारणपणे किमान ०.४० हेक्टर लागतात, म्हणजे एकराला अर्धा गुंठा कमी. पस्तीस गुंठे घेऊन 'फार्महाउस' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

नदीकाठी दोन रेषा बघा. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम नाही. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची, दोन्हींच्या मधे निर्बंध. २०१९मध्ये मला हे शब्दही माहीत नव्हते.

आता भावाचं बोला

एवढं सगळं झाल्यावर. आधी बोललात तर तुमचा उत्साह दिसतो आणि तो भावात मिळवला जातो.

पहिला आकडा रेडी रेकनरचा. दर १ एप्रिलपासून लागू होणारा सरकारी मूल्यदर तक्ता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावनिहाय दिसतो. मुद्रांक शुल्क त्यावर किंवा प्रत्यक्ष मोबदल्यावर, जे जास्त असेल त्यावर भरायचं. गाव 'ग्रामीण'मध्ये आहे की शहराच्या 'प्रभाव क्षेत्रा'त, तेही तिथेच कळतं. २०२५-२६मध्ये ग्रामीण भागातली सरासरी वाढ ३.३६ टक्के होती, ठाणे महापालिकेत ७.७२. एजंटच्या तोंडची वाढ यापेक्षा नेहमी मोठी असते.

दुसरा आकडा जास्त उपयोगाचा. त्याच संकेतस्थळावर गाव आणि गट नंबर टाकून आधीच्या खरेदीखतांची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, बघता येते, त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन रकाने असतात. आजूबाजूचे आठ-दहा गट काढा. एका गावात आम्हाला सांगितलेला भाव आणि बांधालगतचा सहा महिन्यांपूर्वीचा नोंदलेला भाव यांत अडीचपट फरक होता. त्यात रोखीचा भाग लपलेला असू शकतो हे मान्य, पण बोलणी सुरू करायला तेवढं पुरतं. तुम्ही मात्र रोखीच्या फंदात पडू नका. स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि रोख दिलेल्याचा पुरावा तुमच्याकडे नसतो.

घासाघीस करताना मोघम 'काही कमी करा' म्हणू नका. कागदावर लिहून न्या : एवढे गुंठे उताराचे, एवढा पोटखराबा, एवढा रस्ता, वीज आणायला इतके खांब. आमच्या मालकाने तो कागद नीट वाचला, घरात गेला, आणि मुलाशी बोलून गुंठ्याला चाळीस हजारांनी उतरला.

मोजणी, मग पैसे

टोकन देण्याआधी वकिलाकडून निदान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या व्यवहारांची तपासणी, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, लिहून घ्या की सरकारी मोजणी होऊन हद्द आणि क्षेत्र जुळल्यावरच उरलेली रक्कम. मोजणीचा अर्ज मालकाने तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात करायचा, तुम्ही त्या दिवशी हजर राहायचं, शेजाऱ्यांसकट. भूकरमापक 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा देतो. आमच्यात पूर्वेचा बांध दीड गुंठा आत निघाला, शेजारच्या काकांनी लगेच मान्य केलं आणि क्षेत्र तेवढं कमी धरून व्यवहार झाला. दगड त्याच दिवशी रोवले, नवऱ्याने प्रत्येक दगडाचा फोटो काढला.

खरेदीखत नोंदवल्यावर फेरफाराची नोटीस निघते, हरकतींसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नवा सातबारा हातात आला की नाव, क्षेत्र, पोटखराबा एकेक अक्षर तपासा. आमच्या उताऱ्यावर आडनावातला एक काना गायब होता. महसूल संहितेच्या कलम १५५खाली दुरुस्तीचा अर्ज केला आणि त्या एका कान्यासाठी कार्यालयात सात खेपा झाल्या.

तोवर मुरबाडच्या त्या बेचाळीस गुंठ्यांत, वरच्या वरकसात, आंब्याची कलमं लागली होती. घराची जागाही तिथेच धरली आहे. खालच्या खाचरात भातच लावतो आम्ही, शेजारचे काका सल्ला देतात आणि आम्ही चुकतो. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, मात्र नवरा दर हंगामात स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवर करतो, रेंज येईपर्यंत हात वर करून.